रात्री तीन वाजता स्तोत्र कसं वाचावं

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतले काने, मात्रा, वेलांट्या तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. या कामात एक गोष्ट लवकर कळते. शब्द ओळखीचा दिसला की डोळा न वाचताच पुढे सरकतो, आणि चूक नेमकी तिथेच राहून जाते.

एवढं ठाऊक असूनही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र मी भरधाव वाचत आले. वर्षभरात पुरं करायचा तक्ता, रोजचे चार अध्याय, वाचून झालं की खूण. आई गेली, तिच्या घरावरून धाकट्या बहिणीचं आणि माझं वाजलं आणि बोलणं बंद झालं. रात्री तीनला डोळे उघडायला लागले. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं वाचलेल्यातलं हाताशी काहीच नाही. चार-दोन वचनं आठवत होती, तीही भिंतीवर टांगलेल्या पाटीसारखी. पुढचं सगळं त्यानंतर शिकले, आणि अजून शिकतेच आहे.

पहिलं सांगणं थोडं उलटं वाटेल. मन फार ढवळलेलं असताना ‘शांती’ शब्द असलेली वचनं शोधत बसू नका. मी ते केलं. ‘चिंता करू नका’ हे वाक्य त्या वेळी मला धीर देण्याऐवजी दटावतंय असंच वाटलं: बघ, तुला एवढंही जमत नाही. आणि सुटी उचललेली वचनं फसवतातही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (एकोणतिसाव्या अध्यायातली अकरावी ओवी, म्हणजे वचन) सगळ्यांना पाठ असतं, तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो, असं देव सांगतो ते. त्याच्या आदल्याच ओवीत, बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना तिथे सत्तर वर्षं काढावी लागतील असं लिहिलंय. हा मजकूर त्यांना पाठवलेल्या पत्रातला आहे. ज्यांना ते पत्र पहिल्यांदा वाचून दाखवलं, त्यांच्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना परतीची वाट दिसणारच नव्हती. दहावी ओवी गाळून अकरावी भेटकार्डावर छापणाऱ्यांवर माझा धंद्याच्या दृष्टीनेसुद्धा राग आहे.

सुरुवात शास्त्रातल्या ‘स्तोत्रसंहिता’ या पुस्तकातल्या स्तोत्र १३ पासून करा. अवघ्या सहा ओव्या आहेत. पहिल्या दोनच ओव्यांत ते म्हणणारा माणूस देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? विसरलास का मला? तोंड किती दिवस फिरवशील? असं बोलणं शास्त्रातच आहे आणि उपासनेत गायला ठेवलेलं आहे. मला पहिला मोकळा श्वास इथे मिळाला.

वाचायचं कसं? एक कोरं कार्ड घ्या आणि चालू ओळीच्या खाली धरा, म्हणजे पुढची ओळ झाकली जाईल. प्रुफं वाचतानाची ही जुनी युक्ती आहे. ओठ हलतील इतपत आवाजात वाचा. मनातल्या मनात वाचलं तर डोळा पुन्हा पळतो. जिथे शब्द अडेल तिथे थांबा. मला दुसरी ओवी अडली. दिवसभर मनात दुःख बाळगून मी किती काळ माझ्याच जिवाशी मसलत करत राहू, अशा अर्थाची ती आहे. स्वतःशीच मसलत! बहिणीला काय सुनवायचं, ती काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन. रात्री तीनला मी हेच तर करत होते.

जुन्या छापखान्यांत प्रुफं दोघं मिळून वाचत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. फरक दिसला की थांबायचं. स्तोत्र असं वाचून पाहा. स्तोत्र ही मूळ प्रत, तुमचा आजचा दिवस हे प्रूफ. कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, तेवढं देवाला सांगा. आपल्या घरच्या भाषेत, माणसांची नावं घेऊन सांगा. ‘हे परमदयाळू पित्या’ने सुरू झालेली माझी प्रार्थना बऱ्याचदा खोटी निघायची. ‘तिने आईची पेटी मला न विचारता उघडली’ इथून सुरू झालेली खरी असायची.

आता पाचवी ओवी. तिथे स्तोत्र वळतं: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये काय घडलं, काहीच सांगितलेलं नाही. शत्रू तिथेच आहेत, परिस्थिती बदललेली नाही. म्हणून घाई नको. पाचवी ओवी मनापासून म्हणता येत नसेल, तर कार्ड चौथीखाली ठेवून निजायला जा. मी तीन आठवडे तिथेच होते. आणि पाचवी आलीच नाही तर? स्तोत्र ८८ उघडा. ते अंधारातच संपतं, वळतच नाही. तरी त्याला दीडशे स्तोत्रांत जागा मिळाली आहे. श्रद्धा असलेल्याने नेहमी हसतमुख असावं, असं समजावणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

तेच तेच बोलण्याचा संकोच करू नका. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा प्रश्न ४२ आणि ४३ या दोन स्तोत्रांत मिळून तीनदा येतो. विचारणाऱ्याचं एकदा विचारून भागलं नाही. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय त्याच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहितो.

फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, सहावी-सातवी ओवी: कशाचीही चिंता करू नका, आभार मानत आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे देवाची शांती तुम्हाला राखील. इथे सगळेच येतात, मीही आले, पण जरा मागून. दुसऱ्या ओवीत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतल्या दोन बायांना एकचित्त व्हा म्हणून विनवतो. भांडण कशावरून, ते त्याने लिहिलेलं नाही. मला मात्र घरावरूनच असावं असं वाटतं! तो स्वतः बेड्यांत आहे. ज्या शांतीबद्दल तो लिहितो ती अशा गर्दीतली आहे. ती शांती तुमची अंतःकरणं ‘राखील’, असं तो म्हणतो, आणि तिथला मूळ ग्रीक शब्द पहारेकऱ्याचा, सैनिकी आहे. पहारा असतो तिथे धोकाही असतो. भीती गेली नाही म्हणजे शांती आली नाही, हा माझा हिशेब तिथे चुकला होता.

त्या ओवीतलं काम मी कागदावर करते. काळजी जशी आहे तशी लिहायची, मग तिचं मागणं करायचं. ‘ती माझ्याशी कधीच बोलणार नाही’ ही काळजी. तिच्यात देवाने करावं असं काहीच नाही, नुसतं भाकीत आहे. ‘रविवारी फोन करायचं धैर्य दे, आणि घराचा विषय माझ्या तोंडून निघू देऊ नकोस’ हे मागणं. काही काळज्यांचं मागणं होतच नाही, त्या कागदावर पाहिल्या की हसू येतं. त्या खोडायच्या. आभारही मानायचे आहेत, पण मोघम नको. त्या दिवशी घडलेली एकच गोष्ट पुरे.

आणि मग ती अवघड जागा, मत्तय ५:२३-२४. येशू सांगतो: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट वाचा. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते इथे विचारलेलंच नाही. त्याच्या मनात काय आहे? मी ही ओवी वर्षानुवर्षं उलटी वाचली होती, तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी. मी फोन केला. ती फारसं बोलली नाही. आईचा चष्मा कुणाकडे आहे एवढंच विचारलं. माझ्याकडे होता. (समोरच्या माणसाने मारहाण, छळ केला असेल, तर त्याच्याकडे एकटं जा असा याचा अर्थ काढू नका. आधी सुरक्षित जागा, आणि भरवशाचं माणूस सोबत.)

शरीराचं थोडक्यात. १ राजे (राजांचं पहिलं पुस्तक), अध्याय १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. तू इथे काय करतोस, हा देवाचा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांच्या चालीनंतर येतो. म्हणून जेवा, झोपेचं डॉक्टरांना सांगा. औषध घेतल्याने विश्वास कमी पडत नाही. आणि जगू नये असं वाटत असेल, तर स्तोत्र मिटून आत्ताच कुणाला तरी उठवा.

थोडं सावरल्यावर गोष्टी वाचा. वादळाची गोष्ट मार्क आणि मत्तय या दोन शुभवर्तमानांत (मार्क ४:३५-४१, मत्तय ८:२३-२७) आहे, ती शेजारी ठेवून पाहा. येशू नावेत झोपलेला आहे, मार्क तर उशीसुद्धा सांगतो. मार्कात तो आधी वाऱ्याला गप्प करतो आणि मग शिष्यांना विचारतो, का घाबरलात? मत्तयात आधी शिष्यांना विचारतो, लाटा उसळत असतानाच, आणि मग वाऱ्याकडे वळतो. क्रमातला हा फरक माझ्या नजरेत अडकला. काही रात्री माझी मार्काच्या असतात, पुष्कळशा मत्तयाच्या.

शक्य असेल तर कुणाबरोबर तरी वाचा, आणि त्याच्या हाती निराळं भाषांतर असू द्या. बहिणीकडे आईची जुनी प्रत आहे, माझ्याकडे नवी. आता रविवारी फोनवर ती वाचते, मी माझ्या प्रतीत बोट ठेवून ऐकते. शब्द वेगळा आला की मी ‘थांब’ म्हणते. गेल्या खेपेला स्तोत्र १३१ होतं. तीनच ओव्या आहेत. दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव, असं त्यात आहे, आणि त्या ओवीवर थांब मी म्हटलं नव्हतं, तीच थांबली. घराचा विषय अजून दोघींनी काढलेला नाही.