टी-शर्टच्या डिझाइनला सगळे 'छान' म्हणतात, पण घेत कुणीच नाही: माझा अनुभव

लक्षण असं: घरी काढलेलं डिझाइन व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकलं की 'मस्त!'चा पाऊस, ऑर्डर मात्र एकही नाही. मावशीला विचारलं, कॉलेजच्या ग्रुपवर मतदान घेतलं, शेवटी सरळ छापूनच टाकले. 30 टी-शर्ट कपाटात पडून राहिले, तेव्हा फार जिवाला लागलं.

जमलं ते असं. आधी पाच डिझाइनचा एकेकच नमुना डीटीएफने (चित्र आधी फिल्मवर छापून मग गरम दाबाने कापडावर उतरवतात, ती पद्धत) छापून घेतला. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम लागते, एका नगाला ती परवडत नाही. रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अनोळखी माणसांना एकेक शर्ट तीन सेकंद दाखवायचा, दुमडायचा आणि विचारायचं, "काय लिहिलं होतं?" मग पाचही समोर ठेवून, "एकच न्यायचा तर कुठला? कितीला घ्याल?" उत्तर जसंच्या तसं वहीत. डिझाइन आपलं आहे हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. कळलं की माणसं गोड बोलतात.

40 जणांना विचारून झालं तेव्हा कळलं, माझं लाडकं 'पुढील स्टेशन दादर' जवळजवळ कुणालाच वाचता येत नव्हतं. 'स्टे'ची मात्रा वरच्या वेलबुट्टीत हरवत होती. वेलबुट्टी काढली, अक्षर जाड आणि सुटं केलं, पुढच्या रविवारी पुन्हा तेच प्रश्न. या वेळी लोकांनी झटकन वाचलं. मग 50 रुपये आगाऊ घेऊन नाव आणि साइज लिहून घेतली, आणि जितकी नावं तितकेच छापले.