शहाबादी फरशीवर फ्लोअरवर्क शिकवताना

मराठवाड्यातल्या बहुतेक नृत्यवर्गांच्या नशिबी लाकडी फ्लोअर नसतो. वर्ग भरतो तो शाळेच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात किंवा एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर, आणि पायाखाली असते शहाबादी फरशी नाहीतर गुळगुळीत टाइल. दोन्हींच्या खाली काँक्रीट असल्यामुळे आदळलेल्या शरीराचा धक्का फरशी जिरवत नाही, तो सरळ हाडात परत येतो. म्हणून इथे फ्लोअरवर्क, म्हणजे जमिनीवर बसून, लोळून, सरकून करायचा नाच, शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला आधी सावकाश उतरायला शिकवावे; पडणे त्यानंतर खूप उशिरा येते.

वर्गाआधी फरशी स्वतः हाताने चाचपून पाहावी. शहाबादीच्या सांध्यांमधले सिमेंट निघालेले असेल तर तिथे बोट, नख किंवा कोपर अडकते, त्यामुळे तो भाग खडूने आखून टाळावा. सतरंजी अंथरण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ती वजनाखाली सरकते आणि घसरण्याच्या हालचालीत पायात गोळा होते. जाड फोमची मॅटही पहिल्या धड्यांसाठी योग्य नाही, कारण तिच्यावर चुकीचे उतरणेही दुखत नाही आणि ती सवय पुढे कठीण फरशीवर बाधते. पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतचा पायजमा हा सगळ्यांत उपयोगी पोशाख आहे. उन्हाळ्यात घामेजलेली उघडी कातडी टाइलला चिकटते आणि सोलवटते. कडे, पैंजण, ताईत आणि केसांतली क्लिप वर्गाआधी काढून ठेवायला सांगावे.

आपल्या विद्यार्थ्यांकडे एक मोठी शिदोरी असते आणि शिक्षकाने ती वाया घालवू नये. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून फरशी पुसणे, आजी जात्यावर बसते तसा एक पाय दुमडून दुसरा लांब सोडणे, ही सगळी जमिनीलगतची बैठक त्यांनी लहानपणापासून पाहिलेली आणि बरीचशी केलेलीही असते. म्हणून मी पहिला सराव तिथूनच सुरू करतो: उकिडव्यातून एका कुल्ल्यावर, तिथून मांडीत, मांडीतून दुसऱ्या कुशीवर आणि पुन्हा उकिडवे, हात शक्य तितके कमी टेकवून. अमेरिकेतल्या आधुनिक नृत्याच्या अग्रणी मार्था ग्रॅहम यांच्या पद्धतीतही वर्गाची सुरुवात जमिनीवर बसूनच होते, हे सांगितले की ‘उभे राहिल्यावरच खरा नाच सुरू होतो’ असे मानणाऱ्या मुलांच्या मनातली शंका लवकर निवते.

यानंतरचे दोन-तीन आठवडे आडवे पडून शरीराचे वजन जमिनीवर सोडण्यासाठी ठेवावेत. पाठीवर झोपून हातपाय चांदणीसारखे पसरावेत, श्वास सोडताना एका बाजूचे कोपर आणि गुडघा एकमेकांजवळ आणत कुशीवर वळावे, आणि श्वास घेत पुन्हा उघडावे. हालचाल पोटाकडून सुरू होते की डोके आधी उचलले जाते, एवढेच शिक्षकाने पाहावे. मान ताठ असेल तर पुढचे काहीही शिकवू नये.

उभ्याने खाली येण्याची पहिली वाट गिरकीची असावी. उजवा पाय डाव्याच्या मागे तिरका न्यावा, दोन्ही गुडघे वाकवावेत, छाती किंचित वळू द्यावी आणि उजव्या नडगीची बाहेरची बाजू, मग मांडीची बाहेरची बाजू, मग कुल्ला असा क्रम राखत जमिनीला टेकावे. त्याच वेळी उजवा तळहात फरशीवरून बाजूला दूर सरकत जावा, म्हणजे बरगड्यांची कूस लांब होऊन टेकते. वजन एका जागी न पडता लांब पट्टीवर वाटले जाते, हे या क्रमाचे मर्म आहे. गुडघ्याची वाटी, कोपराचे टोक आणि माकडहाड ही तीन ठिकाणे फरशीवर कधीही आधी येता कामा नयेत. उठताना तीच वाट उलटी चालावी आणि तळपायाने फरशी ढकलावी. अमेरिकी आधुनिक नर्तिका डोरिस हम्फ्री यांनी पडणे आणि सावरणे यांच्या मधल्या अवस्थेलाच नृत्य मानले होते. म्हणूनच उठण्यासाठी उतरण्याइतकाच वेळ द्यावा, एरवी ते नेहमी घाईत उरकले जाते.

खांद्यावरून लोळण गुडघ्यावर बसून शिकवावी. हाताची बाहेरची कड, दंड, खांद्याचा मागचा भाग आणि तिथून पाठीवरून तिरके विरुद्ध कुल्ल्यापर्यंत असा तिचा मार्ग असतो. हनुवटी छातीशी आणि चेहरा विरुद्ध बाजूला वळलेला असतो. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनची, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शातून आणि वजनातून उत्स्फूर्त नाचण्याच्या पद्धतीची, सुरुवात १९७२ मध्ये करणारे अमेरिकी नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन आयकिडो ही जपानी युद्धकला शिकलेले होते आणि त्यातली ही लोळण त्यांच्या कामात दिसते. कुस्तीच्या तालमीत गेलेल्या मुलांना ती चटकन जमते, पण त्यांनाच जास्त आवरावे लागते, कारण तालमीतली माती खणून, ताक-तेल-हळद मिसळून मऊ केलेली असते आणि तिथला बेधडकपणा फरशीवर महागात पडतो.

युवक महोत्सवाच्या तयारीत टाळ्यांसाठी गुडघ्यांवर झेप घेण्याची मागणी हमखास होते. शिकवायला लागल्यावरच्या वर्षांत मीही ती मान्य केली होती, आणि एका मुलाचा गुडघा सुजून त्याला कित्येक आठवडे बसून राहावे लागले. तेव्हापासून मी ती हालचाल बसवत नाही. नर्तक डेव्हिड झांब्रानो यांच्या ‘फ्लाइंग लो’ या वेगवान फ्लोअरवर्क पद्धतीचे व्हिडिओ पाहून आलेल्यांनाही मी हेच सांगतो की त्यातला वेग गिरकीच्या सरावातून येतो, आदळण्यातून येत नाही.

सगळ्यांसमोर आडवे पडायला मुली संकोचतात, आणि पालकही दाराशी उभे राहून ‘हे लोळणे कशासाठी’ असे विचारतात. शिक्षकाने आधी स्वतः झोपून दाखवावे, सर्वांची डोकी एकाच दिशेला ठेवावीत, झोपलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्याशी उभे राहून सूचना देऊ नयेत आणि परवानगी घेतल्याशिवाय हात लावू नये. पालकांना एक पूर्ण वर्ग बसून पाहू द्यावा.

प्रगती कानाने मोजता येते. महिन्यातून एकदा संगीत बंद करावे, अर्ध्या वर्गाने डोळे मिटून बसावे आणि उरलेल्यांनी एकेक करून खाली यावे. ऐकणाऱ्यांना ‘धप्’ ऐकू आले तर ते बोट वर करतात, आणि उतरणारा तीच वाट निम्म्या वेगाने पुन्हा करतो. सलग तीन वर्गांत कुणाचे बोट वर गेले नाही, तर वेग थोडा वाढवावा.