फायटिंग गेममध्ये नवे पात्र कसे शिकावे

फायटिंग गेममध्ये नवे पात्र निवडले की बहुतेक जण सर्वप्रथम यूट्यूबवर त्या पात्राचा सर्वांत लांब कॉम्बो (एकामागोमाग न तुटता बसणाऱ्या फटक्यांची माळ) शोधतात आणि दोन-तीन संध्याकाळी त्यावरच खर्च करतात. प्रत्यक्ष सामन्यात मात्र तो कॉम्बो ज्या फटक्याने सुरू होतो तो फटकाच बसत नाही, कारण तो कोणत्या अंतरावरून आणि कोणत्या वेळी मारायचा हे शिकलेलेच नसते. म्हणून येथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी अंतर, मग उडीला उत्तर, मग समोरच्याच्या चुकीची वसुली, आणि कॉम्बो त्यानंतर. उदाहरणे २०२३ साली आलेल्या स्ट्रीट फायटर ६ आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या टेकन ८ या गेममधली आहेत. इतर गेमलाही हाच क्रम बहुतांशी लागू पडतो.

पात्र बदलले तरी गेमचे नियम तेच राहतात, त्यामुळे ब्लॉक (फटका अडवणे) कधी करावा, थ्रो (पकडून फेकणे) कसा सोडवावा हे पुन्हा शिकावे लागत नाही. अडचण होते ती बोटांच्या जुन्या सवयींची. स्ट्रीट फायटरमधले रियू हे पात्र खेळणारा माणूस अंतर साधण्यासाठी सतत पुढे-मागे चालतो. तोच गाइल हे पात्र घेऊन बसला की त्याचे सॉनिक बूम (दुरून फेकायचा मारा) निघत नाही, कारण ते सुटण्यासाठी आधी मागची दिशा काही क्षण दाबून धरावी लागते आणि पुढे टाकलेल्या प्रत्येक पावलाने ती साठवण मोडते. झॅन्गिएफ या पहिलवान पात्राचे तर दिशेची स्टिक पूर्ण गोल फिरवल्याशिवाय चालत नाही, आणि उभ्याने सावकाश फिरवली की तो समोरच्याला उचलण्याऐवजी उडीच मारतो. म्हणून आपले जुने पात्र आणि नवे पात्र यांत हाताला नेमके काय वेगळे करावे लागणार आहे, ते सुरुवातीलाच एका कागदावर लिहून काढावे.

पहिली पायरी: कन्सोल सुरू करण्यापूर्वी

जळगाव, धुळे किंवा भुसावळ येथे ज्यांना कन्सोल ताशी भाड्याने घेऊन खेळावे लागते, त्यांनी मूव्ह लिस्ट (पात्राच्या सगळ्या फटक्यांची आणि डावांची यादी) वाचण्यात भाड्याचा वेळ घालवू नये. ते काम घरी मोबाइलवर होते. सगळी यादी पाठ करण्याची गरज नाही. टेकनमध्ये एकेका पात्राच्या मूव्ह शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच चांगले खेळाडूही क्वचितच वापरतात. यात्रेतल्या दंगलीसाठी पठ्ठा तयार करणारा वस्ताद त्याला पहिल्याच महिन्यात सगळे डाव दाखवत नाही, दोन-तीन पक्के करून घेतो; तसेच इथे करावे. यादीतून सर्वांत जलद फटका, सर्वांत लांब पोहोचणारा फटका, उडी रोखणारा फटका आणि पायात बसणारा फटका एवढेच वेगळे काढावेत.

मूव्ह अनेकदा २३६ किंवा ६२३ अशा आकड्यांत लिहिलेल्या असतात. हे आकडे म्हणजे संगणकाच्या कीबोर्डवरील नमपॅडच्या जागा आहेत: ५ म्हणजे मध्य, ६ म्हणजे पुढे, २ म्हणजे खाली. त्यामुळे २३६ म्हणजे खाली, खाली-पुढे, पुढे. हेच रियूचे हादोकेन, म्हणजे हातातून फेकलेला ऊर्जेचा गोळा. मोबाइलच्या डायलरवर १-२-३ ही ओळ वर असते आणि नमपॅडवर ती खाली असते, म्हणून डायलर डोळ्यांपुढे ठेवून वाचल्यास सगळी दिशा उलटी होते.

दुसरी पायरी: फ्रेमचा हिशेब

हे दोन्ही गेम सेकंदाला ६० फ्रेम या वेगाने चालतात, म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग. प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात: सुरू होण्याचा काळ, प्रत्यक्ष लागण्याचा काळ आणि हात-पाय आवरून पूर्ववत होण्याचा काळ. फटका ब्लॉक झाल्यावर मारणारा किती फ्रेम मागे राहतो, यावर त्याला उलट मार बसणार की नाही हे ठरते. टेकनमध्ये बहुतेक पात्रांचा सर्वांत जलद फटका १० फ्रेमचा असतो, त्यामुळे १० किंवा अधिक फ्रेमने मागे टाकणारी मूव्ह ब्लॉक झाली की ती महागात पडते. स्ट्रीट फायटर ६ मध्ये हाच हलका फटका बहुतेकांकडे ४ फ्रेमचा असल्याने तिथे हिशेब कितीतरी कडक आहे.

माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायला साधारण पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेमच्या आसपास वेळ लागतो. म्हणून २६ फ्रेम घेणारा ड्राइव्ह इम्पॅक्ट (स्ट्रीट फायटर ६ मधला जोरदार हल्ला) सरावाने पाहून परतवता येतो, पण ४ फ्रेमचा हलका फटका पाहून अडवणे कोणालाही शक्य नाही. तो अंदाजानेच अडवावा लागतो. नव्या पात्राच्या आपण रोज वापरणार असलेल्या पाच-सहा मूव्हचे आकडे माहीत असले म्हणजे पुरे.

तिसरी पायरी: ट्रेनिंग मोडमधली पहिली बैठक

ट्रेनिंग मोड म्हणजे गेममधलीच सरावाची जागा. या बैठकीत कॉम्बो मारायचा नाही. पात्राला फक्त चालवावे, डॅश (झटकन पुढे-मागे सरकणे) करावे, उडी मारावी आणि प्रत्येक बटण एकेकटे दाबून ते कुठपर्यंत पोहोचते ते पाहावे. समोरच्या डमीला (सरावासाठी उभ्या केलेल्या पात्राला) न लागणाऱ्या अंतरावर उभे राहून एक पाऊल पुढे टाकून मारावे, पुन्हा मागे यावे. स्ट्रीट फायटर ६ मध्ये बसून मारलेली मध्यम लाथ हे अनेक पात्रांचे आधाराचे बटण आहे. तिची टोकाची पोहोच डोळ्यांत बसली की निम्मा खेळ सावरतो.

त्यानंतर उडीला उत्तर. माझ्या मते नव्या पात्राचा खरा सराव इथून सुरू होतो, आणि नेमका हाच भाग लोक टाळतात, कारण त्यात दिसायला काही चमकदार नाही. डमीला दोन कृती रेकॉर्ड करून द्याव्यात: एकीत त्याने आपल्यावर उडी मारायची, दुसरीत जागीच हलका फटका मारायचा. मग दोन्ही कृती आलटून-पालटून, कोणती येईल हे कळू न देता चालू ठेवाव्यात. नुसत्या उडीचा सराव केला तर हात आधीच तयार असतो आणि त्याचा सामन्यात उपयोग होत नाही. कधी उडी येईल आणि कधी नाही, हे माहीत नसतानाच खरे उत्तर घडते. रियूकडे यासाठी शोर्युकेन (वर उसळत मारलेला ठोसा) आहे आणि बसून मारलेला जोराचा ठोसाही आहे. नवशिक्याने आधी ठोसा पक्का करावा, कारण त्याला स्टिकची अवघड हालचाल लागत नाही. डाव्या बाजूला उभे राहून जेवढा सराव केला, तेवढाच उजव्या बाजूनेही करावा.

टेकनमध्ये उडीचे महत्त्व कमी आणि बाजूला सरकण्याचे जास्त आहे. तिथे याच पद्धतीने बाजूला सरकणारी डमी रेकॉर्ड करून, आपल्या पात्राची कोणती होमिंग मूव्ह (बाजूला सरकणाऱ्यालाही गाठणारा फटका) तिला पकडते ते शोधावे.

चौथी पायरी: चुकीची वसुली आणि एकच कॉम्बो

डमीला समोरच्या पात्राची धोकादायक मूव्ह रेकॉर्ड करून द्यावी, ती ब्लॉक करावी आणि लगेच उलट मारावे. रियूचे शोर्युकेन ब्लॉक झाले की तो बराच वेळ उघडा पडतो, त्यामुळे सुरुवातीला तेच घेणे सोपे. टेकन ८ मध्ये यासाठी पनिशमेंट ट्रेनिंग आयतेच दिलेले आहे.

आता कॉम्बोची पाळी. स्ट्रीट फायटर ६ मधील कॉम्बो ट्रायल्स या सरावाचा नवशिक्यांसाठीचा भाग पुरेसा आहे. दहापैकी नऊ वेळा निघणारा तीन फटक्यांचा कॉम्बो, दहापैकी तीनदा निघणाऱ्या मोठ्या कॉम्बोपेक्षा जास्त सामने जिंकून देतो. टेकनमधील काझुया या पात्राचा इलेक्ट्रिक नावाचा ठोसा हे टोकाचे उदाहरण आहे: दिशा आणि ठोसा एकाच फ्रेमवर पडावे लागतात. ते आकर्षक असले तरी पहिल्या महिन्याचे काम नाही. टेकन ३ च्या काळात एडी या पात्राच्या लाथांची दोन बटणे अंदाधुंद दाबून मित्रांना हरवलेल्यांना हा संयम विशेष जड जातो.

पाचवी पायरी: माणसांशी सामने

पहिले सामने ओळखीच्या माणसाशी खेळावेत आणि त्याला स्पष्ट सांगावे, “भो, दहा मिनिटं तू फक्त उड्या मार.” अशी मदत करणारा एक मित्र ऑनलाइन भेटणाऱ्या अनोळखी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त शिकवतो. ऑनलाइन खेळताना शक्यतो वाय-फायऐवजी केबल जोडावी, आणि भारनियमनाची वेळ जवळ असेल तर रँक्ड (क्रमवारीसाठी मोजला जाणारा) सामना सुरू करू नये, कारण मध्येच वीज गेल्यास ते खेळ अर्धवट सोडल्यासारखे धरले जाऊ शकते. स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्रत्येक पात्राचा रँक वेगळा असल्याने नव्या पात्राने हरल्यास जुन्याचा रँक घसरत नाही. म्हणून रँकच्या भीतीने सामने टाळण्याचे कारण उरत नाही.

प्रत्येक सामन्यात एकच उद्दिष्ट ठेवावे, उदाहरणार्थ समोरच्याची एकही उडी फुकट जाऊ द्यायची नाही. बैठक संपल्यावर फक्त हरलेल्या सामन्यांचे रिप्ले पाहावेत आणि प्रत्येक फेरीत शेवटचा मोठा मार कशामुळे बसला तेवढे टिपावे. टेकन ८ मध्ये रिप्ले थांबवून तिथूनच पात्र आपल्या हाती घेता येते, ही सोय जरूर वापरावी. दोन-तीन सामन्यांत एकच मूव्ह पुन्हा पुन्हा लागलेली दिसली, तर पुढच्या बैठकीत डमीला तीच रेकॉर्ड करून द्यावी आणि तिचे उत्तर सापडेपर्यंत दुसरे काही हाती घेऊ नये.