वॉटरप्रूफ कॅमेरा बुडतो तो दारातून: पाण्यात नेण्याआधी आणि नंतर काय करावं

कॅमेऱ्यावर '१५ मीटर' छापलेलं असतं आणि तो बुडतो गुडघाभर पाण्यात. उघडून पाहिलं तर कारण बहुधा एकच निघतं: बॅटरीच्या दाराच्या रबरावर अडकलेला केस, वाळूचा कण नाहीतर टॉवेलचा धागा. केस दिसायला क्षुल्लक, पण त्याच्या दोन्ही अंगांना रबर टेकत नाही आणि पाण्याला तेवढी फट पुरते. असा कॅमेरा वर्षानुवर्षं टिकवायचा तर सगळं लक्ष दारांवर हवं.

उदाहरणाला ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ घेऊ. हा १५ मीटर खोलीपर्यंत चालतो, २.१ मीटरवरून पडणं सोसतो, १०० किलोचा भार आणि उणे १० अंशांची थंडी सहन करतो. त्याला दोन दारं आहेत, एक बॅटरी-कार्डाचं आणि एक केबलचं. रिकोच्या डब्ल्यूजी मालिकेतला किंवा दुसरा कुठला कॅमेरा असला तरी पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

आकड्यांचा अर्थ आधी समजून घ्या

खोलीचा आकडा शांत, गोड्या पाण्यातल्या चाचणीचा असतो. खोल पाण्याच्या चाचणीत जोरदार फवाऱ्याची चाचणी येत नाही. म्हणून धबधब्याच्या धारेखाली कॅमेरा धरणं, तो हातात घेऊन कड्यावरून डोहात उडी मारणं किंवा नळ पूर्ण सोडून त्याखाली धुणं धोक्याचं. पडण्याची चाचणी सहसा प्लायवूडवर घेतात, सह्याद्रीच्या कातळावर नव्हे. कॅमेरा एकदा दगडावर आपटला की दारांच्या कडा आणि खटके तपासल्याशिवाय त्याला पाणी दाखवू नका.

तारकर्ली-मालवणला हौशी पर्यटकांना गाइड पाण्याखाली नेतात, तेवढ्या खोलीला १५ मीटरचा कॅमेरा पुरतो. पण डायव्हिंगचा प्राथमिक परवाना मिळाला की मर्यादा १८ मीटर होते आणि हा कॅमेरा तोकडा पडतो. तेव्हा वेगळं हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याभोवती बसणारी जलरोधक पेटी, घ्यावं लागतं. टीजी-७ साठी ४५ मीटरपर्यंतचं मिळतं.

जुना कॅमेरा घेताना छापील आकड्यावर भरवसा ठेवू नका. निकॉनचा डब्ल्यू३०० नवा असताना ३० मीटरचा होता, पण रबर वयाप्रमाणे कडक होतं. सील बदलल्याची पावती नसेल तर तो पावसापुरताच धरा.

आदल्या रात्री, घरी

बॅटरी पूर्ण चार्ज करा, कार्ड रिकामं करा. होडीत किंवा किनाऱ्यावर दार उघडायची वेळच येऊ नये, हा यातला खरा हेतू. टीजी-६ सारख्या मॉडेलवर जीपीएस लॉगचा, म्हणजे प्रवासाचा मार्ग नोंदवण्याचा, खटका चालू राहिला तर कॅमेरा बंद असूनही बॅटरी रात्रभर उतरते. तो बंद आहे ना, बघा.

मग दार उघडा आणि टेबलावरचा दिवा तिरपा धरा. सरळ उजेडात न दिसणारा धागा तिरप्या उजेडात लगेच चमकतो. रबराच्या चारही बाजू पाहा, कोपऱ्यांत जास्त वेळ थांबा. रबर जिथे टेकतं ती समोरची कडही तेवढीच महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच पाहायची राहून जाते. हातातल्या ब्लोअरने हवा मारा, नंतर कोरड्या मायक्रोफायबर कापडाने एकाच दिशेने पुसा. कापसाचा बोळा किंवा टिश्यू नको, त्यांचे तंतू मागे राहतात. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर सिलिकॉन ग्रीसही लावू नका. डायव्हिंग हाउसिंगच्या रिंगला ते लागतं, पण कॅमेऱ्याच्या दारावर त्यालाच वाळू चिकटून बसते. रबराला चीर, चपटेपणा किंवा कायमची खूण दिसली तर प्रवासाआधी सील बदलून घ्या.

दार बंद करताना सगळीकडून सारखं दाबा, पट्टा किंवा दोरी मध्ये आली नाही ना पाहा आणि लॉकचा खटका शेवटपर्यंत सरकवा. लॉक अर्धवट राहिलं की बऱ्याच मॉडेलवर लाल किंवा पिवळी खूण दिसते.

कॅमेरा नवा, दुरुस्त केलेला किंवा बरेच महिने पडून असेल तर बादलीत चाचणी करा. बॅटरी आणि कार्ड काढा, दारं लॉक करा, कॅमेरा १५ मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवा. दाराजवळून बुडबुड्यांची सलग रांग निघाली तर गळती आहे. बाहेर काढून नीट पुसा, दार खाली तोंड करून उघडा आणि आत थेंब शोधा. ही चाचणी मोठी चूक पकडते, खोलीची हमी देत नाही.

दार कुठे बंद करता यावर आतलं धुकं ठरतं

पाण्यात उतरल्यावर काचेच्या आतून वाफ धरते, तेव्हा बहुतेकांना गळती झाली असं वाटतं. खरं तर दार बंद करताना तिथली दमट हवा आत कोंडलेली असते. कोकणच्या किनाऱ्यावर दुपारच्या उकाड्यात बंद केलेला कॅमेरा थंड पाण्यात गेला की त्या हवेतली वाफ काचेवर जमते. सह्याद्रीतल्या गार ओढ्यात हे हमखास होतं. यावर उपाय म्हणजे एसी खोलीत, तिथल्या कोरड्या हवेत दार बंद करा आणि परत येईपर्यंत उघडू नका. एसीतून आणलेला गार कॅमेरा बाहेर लगेच उघडला तर आतल्या भागांवरच दव पडतं, म्हणून तेही नको. धुकं धरलंच तर कॅमेरा बंद करा आणि कोरड्या खोलीत दारं उघडी ठेवून दोन-तीन तास तसाच राहू द्या. हेअर ड्रायर वापरू नका.

पाण्यात

हातातून सुटलेला कॅमेरा तळाला जातो. टीजी-७ चं वजन सुमारे २५० ग्रॅम आहे. स्नॉर्केलिंगला तरंगणारा पट्टा लावा आणि तो कॅमेऱ्याला खरंच वर आणतो का, हे आधी बादलीत पाहा. स्कूबाला मात्र हाच पट्टा हात सारखा वर ओढतो, तिथे गुंडाळीची दोरी बरी. सनस्क्रीन किंवा डासांचं औषध लावलेल्या हाताने कॅमेरा धरू नका. ही रसायनं प्लास्टिक आणि रबर खातात.

फोटोचं थोडक्यात. पाणी लाल रंग आधी शोषतं, पाच मीटरवर लाल टी-शर्ट तपकिरी दिसतो. अंडरवॉटर मोड लावा, सोय असेल तर रॉ फाइलही (कॅमेऱ्याने न बदललेली, नंतर रंग दुरुस्त करता येणारी) ठेवा. झूम टाळा आणि हातभर अंतरापर्यंत जवळ जा. मालवणच्या पाण्यात तरंगती माती असते, फ्लॅश मारला की तिचे कण बर्फासारखे चमकतात. म्हणून फ्लॅश बंद आणि सूर्य पाठीशी ठेवा.

पावसाळी ट्रेकला अडचण वेगळी असते. कॅमेऱ्याला काही होत नाही, पण पुढच्या काचेवरचा एक थेंब सगळा फोटो धुरकट करतो. लेन्स खाली तोंड करून न्या आणि कोरडा रुमाल झिपच्या पिशवीत ठेवा. ओल्या बाहीने पुसलं तर पाणी नुसतं पसरतं.

पाण्यातून बाहेर आल्यावर

सर्वात जास्त टाळाटाळ इथेच होते. समुद्राचं पाणी वाळलं की बटणांच्या फटीत आणि दाराच्या कडेला मिठाचे खडे बसतात. ते टोकदार असतात. पुढच्या वेळी दार उघडताना ते रबरावर घासले जातात. म्हणून तासाभराच्या आत, मीठ वाळण्याआधी, दारं बंदच ठेवून कॅमेरा गोड्या पाण्याच्या भांड्यात १० मिनिटं बुडवा. पाण्यातच प्रत्येक बटण आणि झूम दहा-बारा वेळा दाबा, मीठ सुटतं. होडीवर सोय नसेल तर गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा.

नंतर पुसा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. माइक आणि दाबमापकाच्या छिद्रांत पाणी राहिल्याने आवाज दबका येतो, तो वाळल्यावर सुधारतो. तिथे टाचणी घालू नका. दार उघडण्याआधी हात, केस आणि कॅमेरा तिन्ही कोरडे हवेत. केसांतून पडलेला एक थेंब थेट कार्डाच्या खाचेत जातो. पाण्याचे दोन-चार थेंब दाराच्या कडेला, रबराच्या बाहेर दिसतात. ते गळतीचे नसतात, पुसून टाका.

घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरता येतं. कोकणच्या पावसाळ्यात हा डबा नसेल तर लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. आणि वर्षातून एकदा सर्व्हिस सेंटरमध्ये दारांचे सील बदलून घ्या, कॅमेरा फारसा वापरला नसला तरी.

पाणी शिरलंच तर

कॅमेरा चालू करून बघू नका. लगेच बंद करा, पुसा, दार खाली तोंड करून उघडा, बॅटरी आणि कार्ड काढा. बॅटरी ओली असेल तर ती परत कधीच चार्ज करू नका. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही, उलट पिठूळ धूळ आत जाते. समुद्राचं पाणी असेल तर दिवस न घालवता सर्व्हिस सेंटर गाठा, खारं पाणी सर्किटवर काही तासांतच गंज चढवतं. तिथे गोड्या की खाऱ्या पाण्यात, किती खोलीवर आणि कधी बुडाला, हे सांगा.