धरलेला हात प्लास्टरमध्ये: म्हाताऱ्या माणसाच्या हाताचा साचा घेताना

या कामात प्लास्टरपेक्षा पकड अवघड आहे. ऐंशीच्या पुढची माय आणि तिचं लेकरू स्टुडिओत समोरासमोर बसवलं की दोघं हस्तांदोलन करतात. तसाच साचा घेतला तर तो पतपेढीच्या उद्घाटनाच्या फोटोसारखा दिसतो. आपल्याकडं म्हातारं माणूस हात असा धरत नाही. ते मनगट धरतं, पंजावर पंजा ठेवून थोपटतं, नाहीतर समोरच्याची दोन बोटं मुठीत घेऊन बसून राहतं. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं दोघांना नुसतं बोलत बसवा आणि हात आपोआप कुठं जातात ते पाहा. जी पकड दोनदा-तीनदा दिसेल ती घ्या, फोनवर वरून आणि दोन्ही बाजूंनी तिचे फोटो काढा.

हातावर गोंदण असेल तर त्याचा वेगळा, जवळून फोटो हवाच. साच्यात उंचसखलपणा उतरतो, रंग नाही. शिरा, सुरकुत्या, नखांच्या भेगा सगळं येतं, पण गोंदलेलं तुळशीवृंदावन येत नाही, आणि घरच्यांची नजर आधी तिथंच जाते. प्लास्टर वाळल्यावर ते पातळ हिरवट-निळ्या जलरंगानं, बारीक कुंचल्यानं काढता येतं.

विचारायचं ते म्हाताऱ्या माणसाला, मुलाला नाही. “मी मेल्यावर ठेवायला करता का?” असं बहुतेक जणी विचारतात. खरं तेच सांगा: हो, नंतरही राहील. मृत्यूनंतर साचा घेऊ असं ठरवून थांबू नका. आपल्याकडं काही तासांत अंत्यविधी उरकतो, आणि मुळात ही पकड दोघांनी मिळून करायची असते. हातात सलाईनची सुई, उघडी जखम किंवा बुरशी असेल तर दिवस पुढं ढकला.

साचा अल्जिनेटचा घ्यायचा, आणि हात काढल्यावर उरलेल्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं. दातांचं माप घ्यायला डॉक्टर जी पावडर वापरतात तीच ही, समुद्री शेवाळापासून बनलेली. संभाजीनगर, लातूर, नांदेडला दातांच्या दवाखान्यांना माल देणाऱ्या दुकानांत मिळते. रंग बदलणारी घ्या, हात कधी घालायचा ते रंगावरून कळतं. थेट प्लास्टरमध्ये हात कधीही घालायचा नाही. प्लास्टर आवळताना 60 अंशांपर्यंत तापतं आणि हात आत अडकलेला असतो. 2007 साली ब्रिटनमध्ये एका शाळकरी मुलीला यातच बहुतेक बोटं गमवावी लागली होती.

दोन मोठ्या माणसांच्या हातांना साधारण 4 लिटरची, सरळ बाजूंची बादली लागते. आधी ती काठोकाठ पाण्यानं भरून परातीत ठेवा आणि दोघांना ठरलेल्या पकडीत, मनगटाच्या वर चार बोटं येईल इतका हात बुडवू द्या. परातीत सांडलेलं पाणी मोजा. तेवढंच प्लास्टर पुढं लागणार आहे. बादलीत उरलेलं पाणी म्हणजे अल्जिनेटचं माप. याच वेळी बोटं तळाला किंवा बाजूला टेकतात का ते बघा. सगळीकडून दोन सेंटिमीटर मोकळं हवं, नाहीतर तिथं साच्याला भोक पडतं.

आता पाणी. मराठवाड्यात हे काम बिघडतं ते बहुतेक पाण्यामुळं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, आणि अल्जिनेट कॅल्शियमनंच घट्ट होतं. ढवळता ढवळता गुठळ्या होतात. जारचं पाणी घ्या. दुसरं म्हणजे तापमान. गच्चीवरच्या टाकीतलं मे महिन्यातलं पाणी घेतलं तर हात घालायच्या आत बादलीत खरवस तयार. 20 अंशांच्या आसपासचं पाणी बरं. माठातलं चालतं, कडक उन्हाळ्यात त्यात थोडा बर्फ टाकावा, पण अति गार पाण्यानं संधिवाताचे हात आखडतात. वजनानं एक भाग पावडरीला चार भाग पाणी: 600 ग्रॅमला 2.4 लिटर. दातांच्या मापाला पाणी याच्या निम्म्यानं सांगतात, ते पाकिटावरचं प्रमाण इथं चालत नाही, फार घट्ट होतं. पण कंपनीगणिक वेळ बदलते, म्हणून आधी 10 ग्रॅम पावडर 40 मिली पाण्यात वाटीत कालवून घड्याळ लावा. दोन मिनिटांच्या आत आवळत असेल तर पाणी आणखी गार करा.

म्हातारीला टेकायची खुर्ची, बादली गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर, कोपराखाली उशी. बांगड्या काढायला ती तयार नसेल तर हट्ट करू नका. वर सरकवून त्यावर कापड गुंडाळा. घट्ट अंगठी राहू द्या. मनगटाच्या केसांना व्हॅसलीनचा हलका हात पुरे, पंजाला लावू नका, सुरकुत्या बुजतात. हात थरथरत असेल तर स्थिर हात खालून आधाराला घ्या आणि थरथरणारा त्याच्यावर.

मास्क लावून पावडर एकदम पाण्यात टाका, ड्रिलला लावलेल्या ढवळायच्या पात्यानं कमी वेगात 45 सेकंद ढवळा. रवीनं घुसळू नका, हवा भरते आणि पुढं प्लास्टरवर पुरळासारख्या गोळ्या उठतात. जांभळ्याचा गुलाबी झाला की हात आत. आत गेल्यावर बोटं एकदा हलवून मगच पकड घ्यायची, म्हणजे बेचक्यांतली हवा निघते. पुढची चार मिनिटं गप्प. खरं तर बोललं तरी चालतं, हसलेलं चालत नाही. वरचा थर बोटानं दाबून खूण राहिली नाही की झालं. दोघांनी आधी बोटांची टोकं हलवायची, कडेनं हवा शिरते, मग हळूहळू पकड सोडत हात वर. म्हातारीचा हात कोणी ओढायचा नाही. तिची कातडी पातळ असते.

साचा अर्ध्या तासाच्या आत भरा, कारण अल्जिनेट पाणी सोडून आक्रसतं. एक लिटर पोकळीला एक किलो प्लास्टर आणि 600 मिली पाणी. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं वापरू नका, ते नीट आवळत नाही. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, उलट नाही. दोन मिनिटं भिजू द्यायचं, मग हळू ढवळायचं. धिरड्याच्या पिठाइतकं सैल हवं. आधी कपभरच ओता, बादली तिरकी करून चहूकडं फिरवा, थापट्या मारा, मगच बाकीचं. बोटांची टोकं तळाशी असतात, आणि हवा अडकते ती वर वळलेल्या बोटांत. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, पाइप कायमचा बसतो.

तीन तासांनी सोडवा. मनगटाकडून सुरुवात करा, लाकडी पट्टीनं अल्जिनेट तुकड्या-तुकड्यानं काढा. ओलं प्लास्टर कच्चं असतं, करंगळी तुटतेच. तुकडा जपून ठेवा, पूर्ण वाळल्यावर फेविकॉलनं चिकटतो. गोळ्या सुईनं खरवडा. भोकं बुजवताना आधी ती जागा ओली करा, नाहीतर कोरडं प्लास्टर लेपातलं पाणी शोषून घेतं आणि लेप निघून येतो. वाळवण सावलीत, वाऱ्याला, उन्हाळ्यात आठवडाभर, पावसाळ्यात दुप्पट. पत्र्याच्या शेडमध्ये नको: 45 अंशांच्या वर प्लास्टरमधलं बांधलेलं पाणीच उडायला लागतं आणि पृष्ठभाग पिठूळ होतो. सोनेरी स्प्रेची मागणी होते. रंग जाड बसला की शिरा झाकल्या जातात. त्यापेक्षा लाखेचा एक पातळ हात द्या.

अल्जिनेटचा साचा एकदाच चालतो, आणि भाऊ तीन असतात. प्रती हव्या असतील तर वाळलेल्या हातांवरून सिलिकॉनचा दोन भागांचा साचा घ्या. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेल्या सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती अशाच दोन अर्ध्या साच्यांतून काढलेल्या आहेत. हात शाडूत अर्धे बुडवून वरच्या भागावर सिलिकॉन ओता, आवळलं की उलटं करा, शाडू काढा, उघड्या सिलिकॉनला व्हॅसलीन लावून दुसरा भाग ओता. जोडाची रेष बोटांच्या कडेनं जाईल अशी आखा, पंजाच्या पाठीवरून नाही. पहिल्या प्रतीच्या तळाला खिळ्यानं तारीख कोरून ठेवा, साचा घेतल्याची.