सेकंड हँड क्रिस्टा डिझेल ऑटोमॅटिक घेताय? सात माणसं बसवूनच तपासा

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. लग्नसराई जवळ आली की गिऱ्हाइकांची एकच मागणी असते: "भाऊ, आई-बाबांसकट सगळे एका गाडीत बसतील अशी डिझेल ऑटोमॅटिक बघून द्या." बहुतेकांच्या मनात इनोव्हा असते. पण इनोव्हाचं नवं मॉडेल हायक्रॉस पेट्रोलवर चालते, आणि २०२३ मध्ये इनोव्हाचंच आधीचं मॉडेल, डिझेल क्रिस्टा, परत आली ती फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये. त्यामुळे डिझेल आणि ऑटोमॅटिक दोन्ही हवं असेल तर २०१६ ते २०२२ मधली जुनी क्रिस्टाच शोधावी लागते.

या काळात दोन वेगवेगळी इंजिनं आली, आणि विकणारा दोन्ही गाड्यांना नुसतं "क्रिस्टा ऑटोमॅटिक" म्हणतो. म्हणून आधी आरसी मागा आणि सीसीचा आकडा वाचा. २७५५ असेल तर ती २.८ लिटरची, बीएस-४ म्हणजे धुराच्या जुन्या नियमांच्या काळातली: १७४ पीएस ताकद, ३६० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. २३९३ असेल तर २०२० नंतरची, धुराच्या नव्या नियमांची बीएस-६, १५० पीएसची. गिअरबॉक्स दोन्हींत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे देणारा ऑटोमॅटिक. दोन्ही इंजिनांना टायमिंग चेन आहे, टायमिंग बेल्ट नाही, त्यामुळे "बेल्ट आत्ताच बदललाय" असं कुणी सांगितलं तर तो माणूस दुसऱ्याच गाडीबद्दल बोलतोय.

माझं मत विचाराल तर घाटात वरचेवर जाणाऱ्या कुटुंबानं २.८ बघावी. त्यात पीएसपेक्षा टॉर्कचा आकडा महत्त्वाचा. ३६० एनएम टॉर्क १२०० आरपीएमलाच मिळायला लागतो आणि ३४०० पर्यंत टिकतो. म्हणजे वळणावर गाडी हळू झाली तरी इंजिन पुन्हा ओढायला तयार असतं, गिअरबॉक्सला सारखं खाली-वर करावं लागत नाही. मागच्या रांगेतल्या मुलांना मळमळतं ते बऱ्याचदा या खाली-वर होण्यानंच. २.४ सुद्धा चांगली आहे, सपाटीवर तर फरक जाणवणारही नाही, पण सात माणसं, बॅगा, एसी चालू आणि पसरणी घाटाचा चढ असं सगळं एकत्र आलं की जाणवतो.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी तपासणी करू नका, दुसऱ्या दिवशी या. थंड डिझेल इंजिन जे सांगतं ते गरम झाल्यावर लपून जातं. एका स्टार्टमध्ये चालू व्हायला हवं. सुरुवातीला थोडा धूर दिसून नाहीसा झाला तर हरकत नाही, पण निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. आतून भकाभका वाफ येऊन झाकण उडायला लागलं तर बोअरचं काम, म्हणजे इंजिन उघडायचं काम, निघालंय असं समजा आणि सौदा तिथेच थांबवा. कूलंटची टाकी मात्र इंजिन थंड असतानाच उघडायची. त्यात तेलाचा तवंग दिसायला नको.

आता गिअरबॉक्स. जुनी ऑटोमॅटिक घेताना सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण इथला खर्च लाखात जातो. ब्रेक दाबून ठेवा, लिव्हर पी (पार्किंग) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाका. सेकंदाच्या आत गाडीनं हलकी ओढ घेतली पाहिजे. मग एन (न्यूट्रल), मग डी (ड्राइव्ह). प्रत्येक वेळी ओढ यायला उशीर लागला, किंवा खालून "धड्" असा आवाज आला, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रिस्टाची ताकद मागच्या चाकांना जाते. त्यामुळे "धड्" आवाज गिअरबॉक्सचाच असेल असं नाही, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, सांधा (क्रॉस) सैल झाला तरी तो येतो. क्रॉस स्वस्तात बदलतो, गिअरबॉक्स नाही. म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन शाफ्ट हातानं हलवून बघायचा.

मग सपाट रस्त्यावर न्या. ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून पन्नास-साठच्या वेगाला गाडी स्थिर चालवा, रेडिओ बंद, काचा बंद. या वेगाच्या आसपास टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच धरतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या मध्यस्थीशिवाय थेट जोडले जातात. इथे स्टिअरिंगवर आणि सीटखाली क्षणभर थरथर जाणवली, जणू रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गाडी गेली, आणि रस्ता मात्र गुळगुळीत, तर तो क्लच घसरतोय. आरपीएमच्या काट्याकडे बघा: वेग तोच असताना काटा शंभर-दोनशेनं खाली-वर नाचतो. वेळेत लक्षात आलं तर कधी कधी नुसतं तेल बदलून थरथर जाते. पण गाडी घेण्याआधी विकणाऱ्याच्या खर्चानं ते करून घ्या आणि पुन्हा चालवून बघा.

या गिअरबॉक्सला तेल बघायची दांडी नाही. तेल ठरावीक तापमानाला आलं की खालच्या ओव्हरफ्लो प्लगमधून पातळी बघतात, त्यामुळे रस्त्याकडेला कुणी "तेल बघितलं, ओके आहे" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. टोयोटाचं डब्ल्यूएस तेलच लागतं. "लाइफटाइम तेल आहे, बदलायचं नसतं" हेही ऐकायला मिळेल. मला ते पटत नाही. घाटातल्या गाडीचं तेल तापून काळं पडलेलं मी रोज बघतो. मी तरी ८० हजार किलोमीटरच्या आसपास बदला म्हणून सांगतो.

इथवर सगळं ठीक असेल तर आता घरची माणसं बोलवा. खरोखर सगळी बोलवा. लोक नवरा-बायको दोघंच जाऊन गाडी चालवून बघतात आणि खूश होतात. पण सात मोठी माणसं म्हणजे सरासरी पासष्ट किलो धरली तरी साडेचारशे किलो वजन. त्या वजनाखाली गाडीचं इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक सगळंच निराळं वागतं.

आजींना मधल्या रांगेत स्वतःहून चढू द्या. सात सीटच्या क्रिस्टात मधे दोन सुट्ट्या कॅप्टन सीट असतात, आठ सीटच्या गाडीत सलग बाक असतो. क्रिस्टा चासीवर बांधलेली असल्यानं तिची फ्लोअर उंच आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खांबावरची मूठ धरून एक पाय आत टाकता येतो का, दुसरा उचलताना दाराला घासतो का, हे डोळ्यांनी बघा. नाही जमलं तर पायदान बसवता येतं. मग तिसरी रांग. तिथे घरातला सर्वांत उंच माणूस बसवा. मधल्या सीट थोड्या पुढे सरकवल्या तर त्यालाही पाय ठेवायला जागा मिळते. छतातली एसीची हवा त्याच्यापर्यंत येते का हे त्याला विचारा. तिथले ब्लोअर बंद पडलेल्या गाड्या पुष्कळ असतात आणि पुढे बसणाऱ्याला ते कधी कळतच नाही. तिसऱ्या रांगेच्या सीट दोन्ही बाजूंना उचलून अडकवता येतात. त्यांचे लॉक आणि पट्टे स्वतः चालवून बघा. सातही सीट उघड्या असताना मागे साधारण ३०० लिटर जागा उरते, म्हणजे सात जणांच्या चार दिवसांच्या बॅगा त्यात मावणार नाहीत. वर कॅरिअर लागेल हे आत्ताच धरून चाला.

सगळे बसले की चढावर चला. आम्हाला वाईहून पाचगणीचा पसरणी घाट सोयीचा, तुमच्याजवळ जो असेल तो. पॉवर मोड लावू नका, नेहमीच्या मोडवरच चढवा. तीव्र वळणानंतर ॲक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर गाडीनं एक गिअर खाली घेऊन लगेच उचललं पाहिजे. आरपीएम वाढतोय, आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, असं झालं तर गिअरबॉक्स घसरतोय किंवा टर्बोचा दाब कुठेतरी गळतोय. गाडीचं तोंड उताराकडे करून रिव्हर्समध्येही थोडं मागे चढवून बघा. थकलेला गिअरबॉक्स अनेकदा रिव्हर्समध्ये आधी मान टाकतो.

उतरताना डी मध्येच ठेवून सारखा ब्रेक दाबत येणारे खूप आहेत, आणि ब्रेक तापून वास येतो तो त्यामुळेच. लिव्हर एस कडे, म्हणजे गिअर स्वतः निवडायच्या जागी, घ्या आणि उणेच्या बाजूला ढकलत तिसऱ्यावर, फारच उतार असेल तर दुसऱ्यावर आणा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. गाडी तपासतानाही हे करून बघा: प्रत्येक गिअर झटका न देता खाली आला पाहिजे. चढावर गाडी लावताना आधी हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग पी. नाहीतर दीड-दोन टनांचं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर राहतं.

खालून तपासताना चासीवर टॉर्च मारा. कोकणातल्या, विशेषतः किनाऱ्यावरच्या गाड्यांना गंज धरतो, वरचा गंज चालेल, पापुद्रे सुटत असतील तर नको. चासीवर नंतरचं वेल्डिंग दिसलं तर तो अपघात मोठा होता.

बीएस-६ गाडीला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात काजळी साठते आणि गाडी लांब, एका लयीत पळाली की ती काजळी जळून जाते. रोज शाळा-बाजार एवढंच चालणारी गाडी असेल तर तो चोंदतो. तुमचंही रोजचं चालणं चार-पाच किलोमीटरचंच असेल तर मी डिझेल घ्या म्हणणार नाही, मग गाडी कितीही मनात भरलेली असो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. मीटर मागे घेतलेली गाडी बऱ्याचदा इथेच पकडली जाते, आणि सर्व्हिस सेंटरकडे चासी नंबरवर जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळाल्या तर किलोमीटर ताडून बघता येतात. गाडी आधी टूरिस्ट परमिटवर होती का, हेही आरसीच्या इतिहासावरून बघा. टॅक्सीत चाललेली गाडी वाईटच असते असं नाही, पण भाव घरगुती गाडीचा द्यायचा नाही.

कागद: बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला, मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. किंमत आकर्षक वाटते, पण महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून एमएच नंबर घ्यावा लागतो. तो खर्च मिळवूनच तुलना करा.

क्रिस्टा जड वाटत असेल तर २०२२ मध्ये आलेली किया कॅरेन्स डिझेल ऑटोमॅटिक बघा: १४९३ सीसी, २५० एनएम, बसायला ठेंगणी आणि चालवायला हलकी, पण सात सीट उघड्या असताना मागे जेमतेम २१६ लिटर जागा. कियाचीच २०२० मध्ये आलेली कार्निव्हल ही खरी मिनीव्हॅन, सरकती दारं, २१९९ सीसी, आठ गिअर, आजींसाठी तर सर्वांत सोयीची. मात्र लांबी पाच मीटरच्या वर आणि रुंदी जवळपास दोन मीटर. बयाणा देण्याआधी टेप घेऊन आपल्या गल्लीचं वळण आणि पार्किंग मोजून या.