बोअरच्या पाण्यातलं आर्सेनिक: गाळणी कशी निवडायची, कशी सांभाळायची

आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नाही. पाणी उकळून तर उपयोग नाहीच. वाफ जाते, आर्सेनिक भांड्यातच राहतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. त्याहून जास्त आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात गेलं की अंगावर काळे-पांढरे ठिपके पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात. त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

नमुना घेताना पंप दहाएक मिनिटं चालवून साचलेलं पाणी जाऊ द्या. पाण्यात लोह असेल तर बाटलीत त्याचा तांबूस साका बसतो आणि आर्सेनिकही त्याला चिकटून खाली जातं. नुसतं वरचं पाणी तपासलं, तर आकडा फसवा येतो. त्यामुळे बाटली प्रयोगशाळेकडूनच, आत नायट्रिक आम्ल घातलेली आणा आणि भरताना ओसंडू देऊ नका. पट्टीवर रंग दाखवणारं किट बऱ्याच बोअरची प्राथमिक चाचपणी करायला ठीक, पण आकडा 10 च्या आसपास असेल तर त्यावर विसंबू नका. शिवाय त्यात आर्सिन हा विषारी वायू तयार होतो. चाचणी उघड्यावरच करा.

गाळणी घेण्याआधी शेजारचे बोअर तपासा. थोड्याशा अंतरावर किंवा वेगळ्या खोलीवर पाणी चांगलं निघू शकतं.

गाळण्या फसतात त्या बहुतेक एका कारणाने. भूजलातलं आर्सेनिक पुष्कळदा त्रिसंयुजी या रासायनिक रूपात असतं. त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते गाळणीत आर्सेनिक धरायला भरलेल्या लोह-ऑक्साइडच्या खड्यांना नीट चिकटत नाही आणि आरओमधूनही बरंचसं निसटतं. आधी क्लोरीन घालून ते पंचसंयुजी, म्हणजे विद्युतभार असलेलं, करून घ्या. क्लोरीन पुरेसा झाला का, हे मात्र मोजूनच ठरवा: लोह आणि सल्फाइड तो आधी खाऊन टाकतात. लिटरला अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. अमोनिया असेल तर क्लोरामाइन बनतं आणि ते या कामाला फारसं उपयोगी नाही. पुढे आरओ असेल तर मध्ये कार्बन फिल्टर हवाच, नाहीतर क्लोरीन पडदा खराब करतो.

खड्यांच्या गाळणीत पाण्याला पाचएक मिनिटं मिळाली पाहिजेत. मिनिटाला एक लिटर धार असेल तर पाच लिटर खडे. फॉस्फेट आणि सिलिका तीच जागा अडवतात, म्हणून विक्रेत्याने सांगितलेलं आयुष्य कागदावरच राहतं. खडे संपले तरी धार तशीच स्वच्छ येते. दोन नळकांडी एकापुढे एक लावा आणि मधल्या तोटीचं पाणी दर तीन महिन्यांनी तपासा. तिथे आकडा 10 च्या वर गेला की पहिलं काढा, दुसरं त्याच्या जागी आणा, मागे नवं जोडा. अंघोळ-धुण्याचं पाणी यातून नेऊ नका. त्वचेतून आर्सेनिक फारसं शिरत नाही, खडे मात्र लवकर संपतात.

वापरलेले खडे किंवा साका शेणखतात, परसात टाकू नका. ओलाव्यात, कुजणाऱ्या पदार्थांत लोह विरघळतं आणि धरलेलं आर्सेनिक पुन्हा सुटतं. झाकणाच्या डब्यात कोरडं साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.